याडीची भाषा कोणत्या रकान्यात?

१९३९ साली वाशीमला एक ताम्रपट सापडला. चौथ्या शतकातला, वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा. तेव्हा वाशीम म्हणजे वत्सगुल्म, राजधानीचं शहर. ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि गाव दान दिल्याचा व्यवहार प्राकृतात. याच शाखेच्या सर्वसेनाने ‘हरिविजय’ हे काव्यही प्राकृतात लिहिलं. या राजांची मातृभाषा कोणती? ताम्रपटावर तसा रकाना नाही.

माझ्या शाळेच्या फॉर्मवर होता. मी मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरचा. घरी आई म्हणजे ‘याडी’. चौकात ‘काय करून रायला बे?’ आणि वर्गात पुस्तकातली मराठी. मास्तरांनी न विचारताच ‘मराठी’ लिहिलं. पुढे पुण्यात माझं वऱ्हाडी ऐकून लोक हसले, तेव्हा कळलं की त्या रकान्यातही आपण पूर्ण बसत नाही.

जनगणनेची व्याख्या सोपी आहे: लहानपणी आई तुमच्याशी बोलायची ती मातृभाषा. पण मोजणी वेगळीच होते. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी सांगणारे ३२ लाखांहून जास्त लोक ‘हिंदी’खाली धरले गेले. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने मात्र शंभर वर्षांपूर्वीच या बोलीचं नातं राजस्थानीशी जोडलं होतं.

आमचे पूर्वज बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरले. बाजारात बाजाराची भाषा, तांड्यावर आपली. म्हणून तेलंगणातल्या गोरमाटीत तेलुगू शब्द आले, आमच्यात मराठी. तरी रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेत वेगवेगळ्या राज्यांतले लोक एकमेकांशी गोरमाटीतच बोलतात. लिपी प्रत्येकाची वेगळी, बोली एक.

मग मी मराठीचा मूळ भाषक नाही का? मी भांडतो, हिशेब करतो, हा लेख लिहितो तो मराठीतच. पण याडीनं झोपवलं ते गोरमाटीत. दोन्ही खरं आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा तिच्या प्राचीनतेसाठी महाराष्ट्री प्राकृताचा दाखला दिला गेला. त्या प्राकृताचा अभिमान असेल, तर तिच्या शेजारी तांब्यावर दुसरी भाषाही कोरलेली होती, हेही लक्षात ठेवावं.

आज माझी भाची आजीला मराठीत उत्तर देते. तिनं मराठी सोडावी असं नाही, पण आजीचं बोलणं तिला परतवता यावं. जनगणनेच्या अर्जात मातृभाषेनंतर ‘येणाऱ्या इतर भाषा’ असाही प्रश्न असतो. पुढच्या वेळी मोजणीदार दारात आला, की आधी ‘गोरमाटी’ सांगायचं, मग मराठी. आणि तो काय लिहितो ते वाचून घ्यायचं.