खडकावर उभं राहण्याचा हक्क

न्यू इंग्लंडमधल्या मराठी घरांचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. भारतातून आई-वडील आले की एखाद्या शनिवारी त्यांना न्यूपोर्टला न्यायचं, व्हँडरबिल्टचा 'ब्रेकर्स' हा सत्तर खोल्यांचा 'बंगला' दाखवायचा, एवढ्या खोल्या झाडायला किती माणसं लागत असतील याची चर्चा करायची आणि मग क्लिफ वॉकवर समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचे. त्या फोटोंत मागे, खाली खडकांवर, पुष्कळदा एखादा माणूस उभा दिसतो. अंगात रबरी विजार, कमरेला पट्टा, हातात दहा-अकरा फुटांची काठी. फोटो काढताना आपण म्हणतो, "तो माणूस जरा मध्ये येतोय."

खरं म्हणजे आपणच त्याच्या वाटेत आलेलो असतो. साडेतीन मैलांची ती पायवाट बंगलेवाल्यांनी औदार्याने सोडलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूपोर्टच्या कड्यावर महाल उभे राहिले तेव्हा लोकांनी आपल्या हिरवळीसमोरून चालू नये म्हणून मालकांनी कुंपणं घातली, झुडपं लावली. एके ठिकाणी तर वाट चक्क बोगद्यातून खालून गेलेली आहे. गावकरी हटले नाहीत. त्यांच्या हातात एक जुना कागद होता: इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६६३ साली ऱ्होड आयलंडला दिलेली सनद. या किनाऱ्यावर मासेमारी करण्याचं पूर्ण स्वातंत्र्य त्या सनदेने रहिवाशांना दिलं होतं. मासे धरायचे तर पाण्यापर्यंत पोचायला हवं आणि पोचायचं तर वाट हवी, असा हा सरळ हिशोब. म्हणून क्लिफ वॉकवरच्या हक्काला आजही 'कोळ्यांचा हक्क' म्हणतात.

गेली काही वर्षं मी या खडकांचा इतिहास जमेल तसा वाचत आलो आहे. मी मूळचा कोकणातला, त्यामुळे 'गरवायला जाणं' हा शब्द लहानपणापासून कानावर होता. पण कोकणात कातळावर गरी टाकून बसायला कुणाची परवानगी लागते, असा प्रश्न आमच्या डोक्यातही कधी आला नव्हता. इकडे मात्र साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ भांडण आहे ते याच प्रश्नावर.

आधी माशाबद्दल. या खडकांवरून लोक ज्याच्या मागे असतात तो म्हणजे स्ट्राइप्ड बास, बोली भाषेत 'स्ट्रायपर'. रुपेरी अंग आणि त्यावर सात-आठ काळ्या आडव्या रेघा. आपल्याकडचा पाला म्हणजे हिल्सा जसा समुद्रातून नदीत चढून अंडी घालतो, तसाच हाही. चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्या आणि हडसन ही त्याची मुख्य माहेरघरं. वसंतात अंडी घालून झाली की तो उत्तरेला निघतो, उन्हाळा आमच्या न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर काढतो आणि शरदात परत दक्षिणेकडे जातो.

तो खडकांपाशीच का येतो? लाट खडकावर फुटली की खेकडे, शिंपले सैल होतात, लहान मासे पांढऱ्या फेसात गडबडून जातात. त्यांना दिशा समजत नाही, आणि रुंद शेपटीचा, जाड खांद्यांचा बास मात्र त्याच खळखळाटात आरामात पोहतो. फेसामुळे तो वरून दिसतही नाही. म्हणून अनुभवी माणूस वाळूच्या मऊ किनाऱ्यापेक्षा खडक पसंत करतो, दिवसापेक्षा रात्र, आणि शांत समुद्रापेक्षा थोडासा खवळलेला. यातला 'थोडासा' हा शब्द महत्त्वाचा. नॅरॅगॅन्सेट आणि बीव्हरटेलच्या खडकांवरून लाटेने माणसं ओढून नेल्याच्या बातम्या इथल्या जुन्या रहिवाशांना ठाऊक आहेत. जाणकार आधी उंचावर उभं राहून दहा-पंधरा मिनिटं नुसत्या लाटा पाहतात, ओल्या काळ्या खडकावर पाय ठेवत नाहीत आणि बुटांच्या तळाला लोखंडी खिळे लावतात.

हा मासा इथल्या मूळ रहिवाशांना चांगला परिचयाचा होता. ऱ्होड आयलंडचा संस्थापक रॉजर विल्यम्स याने १६४३ साली नॅरॅगॅन्सेट लोकांच्या भाषेवर पुस्तक लिहिलं. त्यात बासचं नाव तर आहेच, पण त्याचं डोकं हे लोक किती आवडीने खातात आणि आतला मेंदू नि चरबी किती गोड लागते हेही त्याने नोंदवलं आहे. माशाच्या डोक्यावरून ज्या घरांत भांडणं होतात त्यांना हे वाचून बरं वाटेल.

इंग्रज वसाहतवाल्यांना मासे इतके मिळाले की ते शेतात खत म्हणून घालू लागले. मॅसॅच्युसेट्सच्या सभेने १६३९ साली कॉड आणि बास खतासाठी वापरायला बंदी केली. या भूमीवरच्या मत्स्यसंरक्षणाच्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांपैकी तो एक. १६७० साली प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या मासेमारीतून, त्यात बासही आले, मिळणारं उत्पन्न मोफत शाळेसाठी राखून ठेवलं. म्हणजे या देशातली सरकारी शाळा काही अंशी माशाच्या पैशावर उभी आहे.

पण त्याच मॅसॅच्युसेट्सने किनाऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट अशी केली की तिचे परिणाम आजही भोगावे लागतात. धक्के बांधायला सरकारकडे पैसा नव्हता. खाजगी लोकांनी ते बांधावेत म्हणून १६४७च्या सुमारास नियम झाला की किनाऱ्यालगतच्या जमिनीची मालकी भरतीच्या रेषेपाशी न थांबता ओहोटीच्या रेषेपर्यंत जाईल. मधल्या पट्ट्यात लोकांसाठी तीनच गोष्टी राखल्या: मासे धरणं, पाणपक्षी मारणं आणि होडी चालवणं. नुसतं चालणं त्यात नाही! १९७४ साली विधिमंडळाने किनाऱ्यावरून चालण्याचा हक्क देण्याचा विचार केला तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ही खाजगी मालमत्ता आहे, मोबदला दिल्याशिवाय घेता येणार नाही. त्यामुळे केप कॉडवर अजून विनोद चालतो की फिरायला जाताना हातात एक काठी आणि गळ असू द्यावा.

आता एकोणिसाव्या शतकाकडे येऊ. न्यू बेडफर्डहून बोटीने जावं लागतं असं कटीहंक नावाचं छोटं बेट आहे. १८६४ साली न्यूयॉर्कच्या काही धनिकांनी तिथे मासेमारी क्लब काढला आणि बेटाचा बराचसा भाग विकत घेतला. किनाऱ्यावरच्या खडकांत भोकं पाडून लोखंडी दांडे ठोकले, त्यावर अरुंद फळ्यांचे पूल टाकून ते थेट लाटा फुटतात तिथल्या मोठ्या खडकापर्यंत नेले आणि टोकाला बसायला जागा केली. याला म्हणत 'बास स्टँड'. कोणत्या स्टँडवर कोण बसणार याच्या चिठ्ठ्या आदल्या संध्याकाळी काढत. आसपासच्या बेटांवर आणि न्यूपोर्टच्या खडकांवरही असे स्टँड आणि असे क्लब झाले. कटीहंकच्या पाहुण्यांत राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड आणि टाफ्ट यांची नावं सांगितली जातात.

पण मला त्या फळीवरच्या दुसऱ्या माणसात जास्त रस आहे. प्रत्येक सभासदाबरोबर एक स्थानिक गडी असे, 'चमर'. तो पहाटेच्या अंधारात उठायचा, तेलकट मेनहेडन मासे कुटून समुद्रात टाकायचा म्हणजे वासाने बास जवळ येतात, आणि गळाला आमिष म्हणून लावायचा लॉब्स्टरची शेपटी. होय, लॉब्स्टर! आज रेस्टॉरंटमध्ये ज्याची किंमत मेन्यूवर छापतही नाहीत, तो त्या काळी आमिष म्हणून जात असे. साहेबांनी मासा ओढत आणला की ओल्या खडकावर उतरून आकड्याने तो वर घ्यायचा, हेही चमरचं काम. मजुरी माशामागे एक डॉलर. खडक चमरच्या गावचा, लाटांची माहिती चमरची, धोका चमरचा. वहीत नाव मात्र सभासदाचं. अशी वाटणी आपल्याकडच्या शिकारकथांतही भेटते.

या क्लबांनी एक चांगली गोष्ट मागे ठेवली, ती म्हणजे दोरी. जुन्या पिळाच्या लिननच्या दोरीला 'कटीहंक' हेच नाव पडलं. ऱ्होड आयलंडमधल्या ॲशवे गावात १८२४ पासून मासेमारीच्या दोऱ्या वळणारा कारखाना होता, तो ही दोरी बनवत असे. ॲशवे हे नाव ओळखीचं वाटतंय? बॅडमिंटन किंवा स्क्वॉश खेळणाऱ्यांना वाटेल. नायलॉन आल्यावर तोच कारखाना रॅकेटच्या तारा बनवू लागला.

शतक सरता सरता बास कमी झाले, क्लब ओस पडले. पुढे कटीहंक क्लबची मालमत्ता लोकरीच्या गिरण्यांचा मोठा मालक विल्यम वुड याने घेतली. १९१२ साली लॉरेन्स शहरात गिरणी कामगारांचा जो गाजलेला संप झाला, तो ज्यांच्याविरुद्ध होता त्यांतला हा प्रमुख. एका धनिकाच्या हातून खडक दुसऱ्याच्या हाती गेले, एवढंच.

चित्र बदललं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. मोटारी स्वस्त झाल्या, युरोपातून सुटसुटीत स्पिनिंग रीळ आलं, नायलॉनची दोरी आणि लाकडी-प्लास्टिकचे कृत्रिम मासे आले. दूरवर फेकायला आता ना चमर लागत होता ना फळ्यांचा पूल. फॉल रिव्हर आणि न्यू बेडफर्डच्या गिरण्यांतले कामगार, त्यात अझोर्स बेटांतून आलेले पोर्तुगीज पुष्कळ, पाळी संपवून रात्री खडकांवर येऊ लागले. आजही या खडकांवर पोर्तुगीज, केप व्हर्डीन, कंबोडियन अशा अनेक घरांतली माणसं शेजारी शेजारी उभी असलेली मी पाहतो. स्कप आणि टॉटॉग हे 'हलके' समजले जाणारे मासे ते आवडीने घरी नेतात. टॉटॉगचं कालवण आपल्या मसाल्यात फार छान होतं, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पण गर्दी वाढली आणि मासा पुन्हा आटला. १९७३ साली किनारपट्टीवर व्यापारी मासेमारीत सुमारे दीड कोटी पौंड बास पकडला गेला. दहा वर्षांत तो आकडा चौथ्या हिश्श्याच्याही खाली आला. अतिमासेमारी हे मोठं कारण, शिवाय चेसापीकमधलं बिघडलेलं पाणी. गंमत अशी, की याच पडत्या काळात, सप्टेंबर १९८२च्या एका वादळी रात्री, न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीच्या दगडी बांधावरून एकाने साडेअठ्ठ्याहत्तर पौंडांचा बास काढला. कटीहंकजवळ १९१३ साली होडीतून धरलेल्या ७३ पौंडी माशाचा विक्रम आदल्याच वर्षी मोडला होता. उरलेले मासे म्हातारे नि प्रचंड होते. मागून नवी पिढी येत नव्हती. अखेर १९८४ साली काँग्रेसने कायदा केला, मेरीलँडने १९८५ ते १९९० बासची मासेमारी संपूर्ण बंद ठेवली, आणि १९९५ साली साठा सावरल्याचं जाहीर झालं. बंदीचा इतका स्वच्छ परिणाम क्वचितच दिसतो. पुढे २०१९च्या पाहणीत तो पुन्हा घसरलेला आढळला. २०२३ साली समुद्रकिनाऱ्यावरच्या हौशी लोकांसाठी माणशी रोज एकच आणि तोही २८ ते ३१ इंचांचाच मासा, अशी मर्यादा आली. ज्या मोठ्या माशासाठी कटीहंकचे शेठ पूल बांधत होते, तो आज हाती लागला तर परत सोडावा लागतो. अंडी घालणाऱ्या मोठ्या माद्या वाचवायच्या तर दुसरा इलाज नाही.

किनाऱ्याच्या वादाचंही १९८२ हेच साल. ऱ्होड आयलंडच्या राज्यघटनेने १८४३ पासून लोकांचे किनाऱ्यावरचे हक्क मान्य केले होते, पण किनारा नेमका कुठे संपतो? वेस्टरलीत किनारा साफ करणाऱ्या लोकांवर घुसखोरीचा खटला झाला तेव्हा न्यायालयाने उत्तर दिलं: सरासरी भरतीची रेषा, म्हणजे १८.६ वर्षांच्या भरत्यांची सरासरी. ही रेषा उपकरणांशिवाय कुणाला दिसणार? कित्येकदा ती पाण्याखालीच असते. मग १९८६ साली घटनेत चार गोष्टी स्पष्ट लिहिल्या: किनाऱ्यावरून मासे धरणं, समुद्री शेवाळ गोळा करणं, पोहायला पाण्यात उतरणं आणि किनाऱ्याने चालणं. रेषा मात्र तशीच राहिली. २०१९ साली एक गृहस्थ शेवाळ गोळा करत चालले असताना त्यांना अटक झाली. आरोप मागे घेतला गेला, पण त्यातून चळवळ पेटली. जून २०२३मध्ये नवा कायदा झाला: भरतीने वाळूवर सोडलेली शेवाळाची, काटक्यांची जी रेघ डोळ्यांना दिसते, तिच्यापासून दहा फूट जमिनीकडे लोकांना जाता येईल. मालकांनी तो लगेच कोर्टात नेला.

मासेमारीच्या दृष्टीने मात्र खरी अडचण आता रेषेची नसून गाडीची आहे. राज्याने पाण्यापर्यंत जाणाऱ्या दोनशेच्या वर सार्वजनिक वाटा अधिकृतपणे नोंदवल्या आहेत. त्यातल्या कित्येक वाटा दोन बंगल्यांच्या मधून जेमतेम माणूस जाईल एवढ्या, आणि रस्त्यावर दोन्ही बाजूंना 'नो पार्किंग'च्या पाट्या. ओहोटी पहाटे तीनला असेल तर फॉल रिव्हरहून निघालेल्या माणसाने गाडी ठेवायची कुठे? गेल्या वर्षी एका गावात अशा वाटेच्या तोंडाशी दोन गाड्यांपुरती जागा करावी की नाही यावर झालेली सभा मी शेवटपर्यंत ऐकली. पावणेतीन तास चालली. दोन्ही बाजूंनी सनदेचा उल्लेख झाला, आणि जागा पुढच्या सभेवर ढकलली गेली.