ठराव, ओंजळ आणि अनुदान

महाडचा इतिहास आपण 19 मार्च 1927 पासून सांगावयास सुरुवात करतो. जयंतीच्या भाषणांतून, स्मरणिकांतून तो तिथूनच सुरू होतो. माझ्या मते ही सुरुवात साडेतीन वर्षे उशिराची आहे. महाडचा लढा प्रथम एका कागदावर उभा राहिला आणि तो कागद मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलाचा होता. त्या कागदाचे पुढे काय झाले, हा प्रश्न इतिहासाच्या आमच्या अभ्यासक्रमात कधी विचारला जात नाही. मला तो विचारावासा वाटतो, कारण त्याचे उत्तर आजही आपल्या दाराशी येऊन थांबते.

4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी कौन्सिलात ठराव मांडला. बोले भंडारी समाजातले, मुंबईच्या कामगारांत वावरलेले. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील अशाच जागा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. ठराव मंजूर झाला. 11 सप्टेंबरला सरकारने आपल्या खातेप्रमुखांना त्याची अंमलबजावणी करण्याचे हुकूम दिले.

या ठरावाची भाषा नीट पाहिली पाहिजे. तीत भूतदया नाही, शास्त्राचा आधार नाही. सगळा भर पैशावर आहे. विहीर कोणाच्या पैशातून खणली, एवढेच ती विचारते. अस्पृश्योद्धाराच्या त्या काळातल्या गोड गोड वाङ्मयापेक्षा हा रुक्ष ठराव मला फार मोलाचा वाटतो. तिजोरीत महारामांगांचाही पैसा होताच. कौन्सिलात नियुक्त सभासद म्हणून गेल्यानंतर बाबासाहेबांनी मार्च 1927 मध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना हाच हिशेब मांडला. सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करते आणि अबकारीतून त्याच माणसाकडून दोन रुपयांहून अधिक वसूल करते. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या 100 मुलांपैकी चौथीपर्यंत 18 पोचतात. दारूच्या पैशाला विटाळ नव्हता, विटाळ होता तो शाळेच्या ओसरीला.

ठराव झाला, हुकूम निघाला. मध्ये काय उभे होते? सरकारच्या हुकुमाला कलेक्टर होता, पण विहिरी आणि तळी होती नगरपालिकांच्या व लोकल बोर्डांच्या ताब्यात. तिथे बसलेले सभासद ज्यांच्या मतांवर निवडून आले होते, त्यांच्याच पाणवठ्याचा हा प्रश्न होता. महाड नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 रोजी आपले तळे खुले करण्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखा माणूस तिथे होता म्हणून तो झाला, हे मान्य केले पाहिजे. पण चवदार तळ्याचे पाणी मात्र तसेच राहिले. नगरपालिकेने ठराव केला, कौन्सिलाला तो कळला, आणि सरकारी भाषेत ‘अंमलबजावणी’ पूर्ण झाली. आज ज्याला आपण पूर्तता अहवाल म्हणतो त्याचा हा जुना अवतार.

बोल्यांना हे दिसले असावे. 5 ऑगस्ट 1926 रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला. 1923 चा ठराव अमलात आणण्यास नकार देणाऱ्या नगरपालिकांना व लोकल बोर्डांना सरकारने अनुदान देऊ नये, असे त्याचे म्हणणे. हा दुसरा ठराव पहिल्याहून महत्त्वाचा. हुकूम न पाळणाऱ्या संस्थेला काही गमवावे लागल्याशिवाय हुकुमाला अर्थ नसतो, हे सभागृहात कोणीतरी स्पष्ट बोलले.

अशा पार्श्वभूमीवर 20 मार्च 1927 चा दिवस वाचावा. त्या दिवशी ओंजळीने पाणी प्यायलेल्या हजारो माणसांनी कोणताही नवा हक्क मागितला नव्हता. साडेतीन वर्षांपूर्वी प्रांताच्या कायदेमंडळाने आणि तीन वर्षांपूर्वी त्याच गावच्या नगरपालिकेने जे मान्य केले, ते खरोखर मिळते काय, हे त्यांनी स्वतः जाऊन पाहिले. विधिमंडळाच्या समितीने करावयाची तपासणी लोकांनी केली. तपासणीचा निष्कर्ष त्याच दिवशी लाठ्याकाठ्यांनी लिहिला गेला. तळे दही, शेण व गोमूत्राच्या घागरींनी ‘शुद्ध’ झाले. आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी, बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेस, नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव रद्द केला. तारखांचा हा योगायोग कोणा कारकुनाच्याही ध्यानी आला नसेल.

पुढे डिसेंबरात सवर्णांनी दिवाणी दावा लावला, कोर्टाची मनाई आली. तळे सार्वजनिक की खाजगी, रूढी जुनी की नवी, यावर वर्षामागून वर्षे गेली. 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अनादी कालापासूनची रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही. कौन्सिलाच्या ठरावापासून मोजले तर तेरा वर्षे सात महिने.

याच काळात सरकारने 1928 साली स्टार्ट समिती नेमली. आय.सी.एस. अधिकारी स्टार्ट अध्यक्ष, बाबासाहेब आणि डॉ. सोळंकी सभासद. मार्च 1930 च्या तिच्या अहवालात एक कबुली आहे, जी बाबासाहेबांनी नंतर वारंवार पुढे केली. आम्ही उपाय सुचवतो आहोत, पण अस्पृश्यांना हे हक्क बजावता येण्यात दीर्घकाळ अडचणी राहतील, असे समितीच म्हणते. कारण गावात ते मूठभर. कोणी सवर्णाची जमीन कसतो, कोणी त्याच्या शेतावर मजुरीला, कोणी गावकीच्या भाकरीवर. हक्क मागितला की बहिष्कार. वाट बंद, वाण्याचे दुकान बंद. हक्क ज्याच्याकडे मागायचा त्याच्याच दारात भाकरीसाठी उभे राहायचे, हा पेच सरकारी अहवालाने इतक्या साफ शब्दांत क्वचितच मांडला असेल.

आता आमच्या परंड्याचे. किल्ला दाखवताना विजापूरला गेलेल्या मलिक-ए-मैदान तोफेची गोष्ट इथे जो तो सांगतो. हद्दीची गोष्ट कोणी सांगत नाही. परंडा तालुका मोगलाईत होता आणि शेजारचे बार्शी, करमाळा इंग्रजी अमलात. बोल्यांचा ठराव या हद्दीपर्यंत येऊन थांबला. हैदराबादेत 1893 पासून कायदेमंडळ होते, पण सामान्य रयतेने निवडलेला सभासद त्यात नव्हता. वेठ होती, गावकी होती. त्याविषयी प्रश्न विचारण्याची जागा नव्हती. पलीकडे बार्शीत 1924 साली बहिष्कृतांच्या परिषदेत बाबासाहेब बोलून गेले होते. म्हणून बार्शी तालुक्यातल्या विहिरी खुल्या झाल्या असे समजण्याचे कारण नाही, स्टार्ट समितीने ते झाकून ठेवलेले नाही. फरक एवढाच, की तिकडच्या महाराला ‘हा सरकारचाच हुकूम आहे’ असे म्हणता येत होते. हा फरक लहान नाही. फेब्रुवारी 1941 मध्ये आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळ्यास बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली महार-मांग वतनदार परिषद भरली, तेव्हा हा सारा भाग प्रथमच एका मांडवाखाली आपले गाऱ्हाणे मांडू शकला, असे मी मानतो.

1956 च्या नोव्हेंबरात आम्ही मुंबई राज्यात आलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात. सभागृह मिळाले, तारांकित प्रश्न मिळाले, आश्वासन समिती, लोकलेखा समिती, अनुसूचित जाती कल्याण समिती मिळाली. समिती यायची असली की वसतिगृहाला चुना लागतो, मुलांना ताटे मिळतात, आणि गाड्या वळल्या की ताटे कपाटात जातात. खेड्यापाड्यातून शिकलेल्या कोणालाही हे नवे नाही. 1944 साली बाबासाहेबांनी केंद्रात मिळवलेली उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती आज संगणकावर मागावी लागते. ती परीक्षेनंतर हाती पडत असेल, तर मधल्या महिन्यांचे खोलीभाडे कोणी भरले, हे कोणत्या समितीच्या प्रश्नावलीत असते? 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला मुदतीत न मिळाल्यास अपील दिले, अधिकाऱ्यास दंडही ठेवला. चांगला कायदा आहे. पण अपील करणाऱ्याला उद्या त्याच तलाठ्याकडे जायचे आहे. स्टार्ट समितीचा पेच इथे पुन्हा भेटतो.

सन 1980 च्या आगेमागे विशेष घटक योजना आली. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, तोही वेगळा काढलेला. निधी वेगळा काढणे आणि खर्च होणे यांत महाड नगरपालिकेएवढे अंतर राहिले. आंध्र व कर्नाटकाने 2013 साली यासाठी कायदा केला. महाराष्ट्रातही तसा कायदा व्हावा, ही मागणी जुनी आहे. ती मागणी करणाऱ्यांनी 1926 चा बोल्यांचा ठराव काढून वाचावा. पैसा रोखण्याचा जो अधिकार त्यांनी मागितला होता, त्याच्या उलट बाजूने ही मागणी येते.

आमच्या तालुक्यात या योजनेखाली चाळीस वर्षांत किती रक्कम आली, कोणत्या वस्तीत उतरली आणि किती परत गेली, हे काढण्याचे काम यंदा मी तृतीय वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना दिले आहे. माहितीच्या अधिकाराचे अर्ज गेले आहेत. पहिले उत्तर आले, त्यात माहिती जिल्हा कार्यालयाकडे मागावी असे लिहिले आहे.