कायदा होण्याआधी पत्र कोण लिहितं?

१५ मार्च २०१९ रोजी, जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी, न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात अल नूर मस्जिद आणि लिनवूड इस्लामिक सेंटर इथे गोळीबार झाला. ५१ माणसं शहीद झाली. मरणाऱ्यांत आपल्या देशातून तिथे गेलेले लोकही होते. पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी डोक्यावरून ओढणी घेऊन केलेलं सांत्वन आपल्या बहुतेकांच्या लक्षात आहे. त्यानंतर संसदेचं कामकाज अरबी दुआने सुरू झालं, तेही अनेकांनी मोबाईलवर पाहिलं. पण त्या संसदेत पुढच्या तीन आठवड्यांत जे घडलं, त्याकडे आपलं फारसं लक्ष गेलं नाही. मला तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घालणारं विधेयक संसदेत आलं. घाई होती, तरीही ते समितीकडे गेलं आणि जनतेला मत कळवायला सांगण्यात आलं. मुदत जेमतेम दोन-तीन दिवसांची होती. तेवढ्या वेळात १३,००० हून अधिक लेखी म्हणणी आली. समर्थनात शोकाकुल नागरिक होते, डॉक्टर होते. विरोधात शिकारी होते, शेतकरी होते, नेमबाजीचे क्लब होते. १० एप्रिलला विधेयक ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं. हल्ल्याला तेव्हा चार आठवडेही झाले नव्हते.

हे वाचून आपण म्हणतो, ‘वा! याला म्हणतात सरकार.’ मीही म्हणालो. पण इतिहास वाचणाऱ्याने एक प्रश्न विचारायलाच हवा. हाच कायदा २०१९ च्या आधी का झाला नाही?

कारण तो करा असं सांगणारे आधीही होते. १९८३ च्या शस्त्र कायद्याने न्यूझीलंडने एक वेगळी वाट धरली होती. परवाना माणसाला द्यायचा, पण त्याच्याकडच्या प्रत्येक रायफलची नोंद ठेवायची नाही. म्हणजे गाडी चालवण्याचा परवाना आहे, पण गाडीला नंबरप्लेट नाही. १९९० मध्ये अरामोआना नावाच्या समुद्रकाठच्या छोट्या गावात एका माणसाने १३ जणांना ठार मारलं. १९९२ मध्ये कायदा थोडा कडक झाला. लष्करी पद्धतीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांसाठी वेगळी परवानगी लागू झाली, पण बंदी आली नाही. १९९७ मध्ये निवृत्त न्यायाधीश सर थॉमस थॉर्प यांनी सविस्तर अहवाल दिला. लष्करी पद्धतीच्या बंदुकांवर बंदी घाला, प्रत्येक बंदुकीची नोंद ठेवा, त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारा, असं त्यांनी सुचवलं. १९९९ मध्ये नोंदणीचं विधेयक आलंसुद्धा. ते रखडलं आणि शेवटी बारगळलं.

कोणी बारगळवलं? कुणा एका खलनायकाचं नाव घेता येत नाही. परवानाधारक बंदूकमालक त्या देशात साधारण अडीच लाख. त्यांच्या संघटना होत्या, मासिकं होती, क्लब होते. बंदुकीच्या कायद्याचा विषय निघाला की त्यांचे सभासद आपापल्या खासदाराला लिहीत, समितीपुढे जाऊन बोलत. हे काम ते उघडपणे आणि नेमाने करत. लोकशाहीत तो त्यांचा हक्कच आहे, आणि शेतातली रानडुकरं नि ससे यांचा प्रश्न खोटाही नव्हता. पण दुसऱ्या बाजूला, म्हणजे ज्यांच्यावर कधीतरी गोळी झाडली जाणार होती त्यांच्या बाजूला, नेमाने लिहिणारे मोजकेच होते. ज्याला गोळी लागलेली नाही, त्याला आपण त्या बाजूचे आहोत हेच ठाऊक नसतं.

परिणाम काय झाला? हल्लेखोराला नोव्हेंबर २०१७ मध्ये साधा परवाना मिळाला. त्याला नीट ओळखणारी माणसं पोलिसांनी गाठली नाहीत. ऑनलाइन खेळातून झालेला एक मित्र आणि त्या मित्राचे पालक, एवढ्यांच्या शब्दावर काम झालं, असं नंतरच्या रॉयल कमिशनने नोंदवलं. त्या साध्या परवान्यावर सात गोळ्यांपर्यंतची अर्धस्वयंचलित रायफल घेता येत होती. जास्त गोळ्या मावणारं मॅगझिन वेगळं विकत मिळत होतं आणि त्याला परवाना लागत नव्हता. दोन्ही वस्तू दुकानातून आणा, घरी जोडा, की बंदी नसलेल्या दोन वस्तूंमधून युद्धातलं हत्यार तयार. कायद्यातली ही फट माहीत असलेले लोक देशात होते.

याच काळात तिथल्या मुस्लिमांची दुसरी पत्रं सरकारदरबारी जात होती. इस्लामिक विमेन्स कौन्सिलच्या अंजुम रहमान आणि त्यांच्या सहकारी महिलांनी हल्ल्याआधीची काही वर्षं सरकारी खात्यांना सांगितलं होतं की समाजाविरुद्ध द्वेष वाढतो आहे, धमक्या येत आहेत, काहीतरी करा. बैठका झाल्या, चहा झाला, आश्वासनं मिळाली. हे वाचताना परका देश वाटत नाही. पण एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. समाज आपल्या सुरक्षेबद्दल लिहीत होता आणि शस्त्राच्या कायद्याबद्दल बंदूकवाले लिहीत होते. तो कायदा मस्जिदीच्या दारापर्यंत येऊन पोहोचेल, हे कुणाला वाटणार होतं?

आता थोडं मागे, स्कॉटलंडला जाऊ. १३ मार्च १९९६ रोजी डनब्लेन गावातल्या प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत एका माणसाने पाच-सहा वर्षांची १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका ग्वेन मेयर यांना ठार मारलं. त्याच्याकडची चारही हत्यारं परवान्याची होती. हा माणूस स्वतः पट्टीचा पत्रलेखक होता. मुलांचे क्लब चालवू देत नाहीत म्हणून तो अधिकाऱ्यांना, लोकप्रतिनिधींना तक्रारी लिहीत असे. हल्ल्याच्या सहा दिवस आधी त्याने राणीलाही पत्र लिहिलं. आणि १९९१ मध्ये एका पोलिस अधिकाऱ्याने वरिष्ठांना टिपण पाठवलं होतं की या माणसाचा परवाना रद्द करा. त्या टिपणावर कारवाई झाली नाही आणि परवान्याचं नूतनीकरण होत राहिलं.

ब्रिटनने हेही आधी पाहिलं होतं. १९८७ मध्ये हंगरफर्डला १६ माणसं मारली गेली, त्यात पिस्तूलही वापरलं गेलं होतं. १९८८ च्या कायद्याने अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली, पण पिस्तुलं तशीच राहिली. शोक ओसरला आणि विषय संपला.

डनब्लेनच्या लोकांनी तो संपू दिला नाही. मार्चमध्ये तिथे बहरात असणारं फूल म्हणजे स्नोड्रॉप. त्याच्या नावाने परिसरातल्या काही आयांनी अर्ज तयार केला. मागणी एका ओळीची होती : खासगी पिस्तुलांवर बंदी. दुकानांत, चौकांत, शाळांच्या फाटकांवर सह्या घेतल्या गेल्या. त्या वेळी घराघरांत इंटरनेट नव्हतं, म्हणजे प्रत्येक सही खरोखर पेनाने केलेली. चार महिन्यांत सात लाखांहून अधिक सह्या संसदेत पोहोचल्या.

सरकार तरीही लगेच हललं नाही. ऑगस्टमध्ये संसदेच्या गृहविषयक समितीतल्या सत्ताधारी बहुमताने पूर्ण बंदीला विरोध केला. ऑक्टोबरमध्ये लॉर्ड कलन यांचा चौकशी अहवाल आला, त्यातही सरसकट बंदी सुचवलेली नव्हती. मृत मुलांचे आईबाप खासदारांना भेटत राहिले, लिहीत राहिले. नेमबाजही लिहीत होते. सरकारने मधला मार्ग काढला, .२२ पेक्षा मोठ्या पिस्तुलांवर बंदी घातली. पालक म्हणाले, हे अर्धं झालं. मे १९९७ मध्ये सरकार बदललं आणि त्याच वर्षी दुसऱ्या दुरुस्तीने उरलेली पिस्तुलंही गेली. सुमारे १,६२,००० पिस्तुलं लोकांनी जमा केली. म्हणजे एका ओळीच्या मागणीसाठी दीड वर्षाहून अधिक काळ, दोन सरकारं आणि दोन कायदे लागले. त्या पूर्ण काळात पत्रं थांबली नाहीत.

अमेरिकेत याच्या उलट घडलं. १९३४ च्या पहिल्या मोठ्या राष्ट्रीय बंदूक कायद्याच्या मसुद्यात मशीनगनबरोबर पिस्तुलंही होती. नॅशनल रायफल असोसिएशनने सभासदांना सांगितलं, आपल्या काँग्रेस सदस्याला लिहा. पत्रं आणि तारा गेल्या, पिस्तुलं मसुद्यातून वगळली गेली. १९६३ मध्ये केनेडींचा खून झाला तो टपालाने मागवलेल्या रायफलने. टपालविक्री रोखणारं विधेयक पाच वर्षं लोंबकळत राहिलं. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी मारले गेले तेव्हा दोन्ही बाजूंनी पत्रांचा पाऊस पडला. कायदा झाला, पण बंदुकांची नोंदणी आणि मालकांचे परवाने या दोन गोष्टी गळाल्या. अध्यक्ष जॉन्सन यांनी २२ ऑक्टोबर १९६८ ला सही करताना त्याची जाहीर खंत व्यक्त केली आणि दोष बंदूकवाल्यांच्या दबावगटाला दिला.

या तीन देशांच्या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. दुःखातून लिहिलेलं पत्र पुरासारखं येतं आणि ओसरतं. हितसंबंधातून लिहिलेलं पत्र विहिरीच्या झऱ्यासारखं वर्षभर येत राहतं. लोकप्रतिनिधी पुरात भिजतो, पण पाणी झऱ्याचं पितो. डनब्लेनच्या पालकांनी दुःखाला झऱ्याची सवय लावली, म्हणून ते जिंकले.

आता आपल्याकडे वळतो. मी मोहल्ल्यासाठी कितीतरी निवेदनं लिहून दिली आहेत. कब्रस्तानची भिंत, शादीखान्याची जागा, उर्दू शाळेतले शिक्षक, मुलांची शिष्यवृत्ती. वर ‘प्रति, मा. मुख्यमंत्री’, खाली ‘मार्फत मा. जिल्हाधिकारी’, शेवटी ‘आपले नम्र’. निवेदन देतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो आणि आपलं काम झालं असं आपण समजतो. ही सगळी निवेदनं काहीतरी मागण्यासाठी असतात आणि बहुतेक वेळा काहीतरी घडून गेल्यावर दिलेली असतात. मसुदा टेबलावर असताना, त्यातल्या अमुक कलमात तमुक बदल करा असं आपल्या खासदाराला लिहिलेलं पत्र मी आपल्यात क्वचितच पाहिलं.

आपल्याच देशातलं एक उदाहरण घ्या. २०१९ च्या अखेरीस शस्त्र कायद्यात दुरुस्ती आली. एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत, ती संख्या एकवर आणण्याचा मूळ प्रस्ताव होता. ज्यांच्या घरात बंदुका होत्या, त्यांच्याकडून आणि खासदारांकडून हरकती आल्या. डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा एकाच्या जागी दोन असा आकडा होता. ज्यांच्या घरात बंदूक नाही अशा कोट्यवधी लोकांपैकी किती जणांना हे विधेयक आल्याचं तरी माहीत होतं?

आणि २०२४ मध्ये वक्फ विधेयकावर संयुक्त समितीने सूचना मागवल्या तेव्हा आपण लिहिलं, लाखोंनी लिहिलं. तो उत्साह खरा होता. पण व्हॉट्सअॅपवर तयार मजकूर फिरत होता, बोट दाबलं की ईमेल जात होता. वक्फच्या जमिनीवर स्वतः काम केलेल्या मुतवल्लीने, भाडेकरूने, वकिलाने आपल्या अनुभवातून लिहिलेली दहा पानं आणि हजार वेळा पाठवलेली तीच दहा वाक्यं यांचं वजन एकसारखं नसतं. संख्येने फक्त राग कळतो. कलम कुठे चुकलं आहे, ते ज्याचं त्यालाच लिहून सांगावं लागतं. आमचं ऐकलंच जात नाही, मग लिहायचं कशाला, असं अनेक जण म्हणतात. त्या कडवटपणाला कारणं आहेत, ती मी नाकारत नाही. पण न लिहिल्याने ती कारणं कमी होत नाहीत.

न्यूझीलंडची गोष्ट ११९ विरुद्ध १ वर संपली नाही. पुढच्या सहा महिन्यांच्या पुनर्खरेदीत ५६,००० हून अधिक बंदी घातलेल्या बंदुका जमा झाल्या. मग नोंदणीचा प्रश्न आला, तोच थॉर्प अहवालातला. जून २०२० मध्ये ते विधेयक जेमतेम मंजूर झालं. सव्वा वर्षात एकमताची दरी एवढी रुंदावली होती. बंदूकमालकांच्या परिषदेच्या प्रवक्त्या निकोल मकी त्याच वर्षी निवडून आल्या आणि २०२३ मध्ये शस्त्रविषयक जबाबदारी असलेल्या मंत्री झाल्या. काल जे पत्र पाठवत होते, आज पत्रं त्यांच्याकडे येतात. लोकशाहीत असं होतं, यात गैर काही नाही.

तिथल्या मुस्लिम संघटनांनीही आता हा विषय सोडलेला नाही. देशाच्या लोकसंख्येत एक टक्क्याच्या आसपास असलेला हा समाज शस्त्राच्या कायद्यावर आपलं म्हणणं मांडत राहिला आहे. हा कायदा फक्त मुस्लिमांचा नाही. शाळेत, बाजारात, चर्चमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाचा आहे. ज्या समाजाचं नाव बातमीत फक्त बळी म्हणून आलं होतं, तो सगळ्यांच्या वतीने लिहू लागला.

संसदेचं पुढचं अधिवेशन सुरू झालं की विधेयकांची यादी बघा. त्यात ‘मुस्लिम’ हा शब्द नसलेलं, पण आपल्या गल्लीतल्या प्रत्येकाच्या आयुष्याला शिवणारं एखादं विधेयक नक्की असेल. ते वाचा आणि आपल्या खासदाराला मराठीत, स्वतःच्या शब्दांत एक पान लिहा. उत्तर आलं नाही तर दुसरं लिहा.