टॅक्सी आणि कॅब

परक्या शहरात पाऊल ठेवलं की माणसाला पहिली धास्ती भाड्याची. अंतर ठाऊक नाही, दर ठाऊक नाही. गाडीवाला मागेल ते द्यायचं. लंडनच्या घोडागाड्यांतही हीच कटकट असे. तिथली दोन चाकांची हलकी गाडी मूळ फ्रान्सची. करडासारखी उड्या घेत धावे, म्हणून नाव पडलं ‘कॅब्रिओले’. त्याचंच पुढं ‘कॅब’ झालं. गुरुजींनी वर्गात हे जरूर सांगावं. कॅबमध्ये बकरी दडलीय म्हटल्यावर मुलं तो शब्द विसरायची नाहीत!

घासाघिशीवर तोड निघाली ती जर्मनीत. १८९१ साली विल्हेल्म ब्रून यांनी भाडं मोजणारं यंत्र तयार केलं. चाक फिरेल तसा आकडा पुढं सरके. लॅटिनमध्ये ‘टॅक्सा’ म्हणजे आकारणी. आपल्या ओळखीचा ‘टॅक्स’ त्याच घरचा. म्हणून हे यंत्र ‘टॅक्सीमीटर’. १९०७ साली लंडनच्या मोटार-कॅबना ते सक्तीचं झालं, आणि ‘टॅक्सीमीटर कॅब’ एवढं लांब नाव कोण घेणार? कुणी ‘टॅक्सी’ म्हणालं, कुणी ‘कॅब’. दुकानदाराला तराजू म्हणून हाक मारावी, तसलाच हा प्रकार.

जुन्या मीटरला निशाणासारखा पत्रा असे. उभा असला की गाडी रिकामी. उतारू बसला की तो खाली पाडायचा. मुंबईतलं ‘मीटर डाउन’ ते हेच. आता मीटर विजेवर चालतात, तरी ‘मीटर टाका’ म्हणणारे आहेतच. फोनवरून मागवलेल्या गाडीचं भाडं मात्र आधीच पडद्यावर येतं. ते कसं ठरलं, हे उतारूला चाकावरून पडताळता येत नाही.