चापट मारली की चालू होणारा स्क्रीन

आमच्या पिढीत जवळजवळ प्रत्येक घरात टीव्हीला चापट मारणारा एक तज्ज्ञ असायचा. चित्र गेलं की उठायचं, बाजूने एक ठेवून द्यायची, चित्र परत! आपल्याला वाटायचं, हा आपलाच जुगाड. नाही हो. १९८० च्या दशकात अमेरिकेत २,४९५ डॉलर मोजून घेतलेल्या कॉम्प्युटरलाही लोक असंच बडवत होते.

गोष्ट ॲपलच्या मॅकिंटॉशची. पहिला मॅक आला २४ जानेवारी १९८४ ला. ९ इंची काळा-पांढरा स्क्रीन, पिक्चर ट्यूबसकट सगळं एकाच डब्यात. आवाज नको हा स्टीव्ह जॉब्जचा हट्ट, म्हणून आत पंखाच नाही. गरम हवा वरच्या फटींतून आपली आपण निघून जाईल, असा हिशोब. १९८६ चा मॅक प्लसही तसाच, बिनपंख्याचा.

हिशोब कुठे चुकला? पॉवर सप्लाय आणि पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारं सर्किट, दोन्ही एकाच उभ्या बोर्डावर, डब्याच्या डाव्या अंगाला. मशीन चालू केलं की बोर्ड तापणार, बंद केलं की निवणार. रोज. धातू तापला की फुगतो, निवला की आकसतो. दोन-चार वर्षांत जड भागांच्या पिनांभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी चीर जायची. आपले टीव्ही मेकॅनिक याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात.

आणि ही चीर मोठी लबाड! कधी जोडलेली, कधी सुटलेली. सकाळी स्क्रीन ठीक, तासाभराने चित्र आक्रसतं, थरथरतं, मग अचानक मधोमध एक उभी रेघ. डाव्या बाजूला चापट मारली की पिन पुन्हा टेकते आणि चित्र येतं. दुकानात नेलं तर तिथे मशीन शहाण्यासारखं चालणार, हे ओघानं आलंच.

खरं तर ती उभी रेघच रोग सांगते. रेघ दिसते म्हणजे ट्यूब जिवंत आहे, उच्च दाबाची वीजही येतेय. फक्त किरणाला डावी-उजवीकडे फिरवणाऱ्या कॉइलची वाट तुटलीय. रेघ आडवी असेल तर बिघाड वर-खाली फिरवणाऱ्या सर्किटमध्ये. स्क्रीन पूर्ण काळा, पण चालू करतानाचा 'टिंग' ऐकू येतो आणि फ्लॉपी फिरते? मग कॉम्प्युटर धडधाकट आहे, दुखणं बोर्डाचं. इलाज काय, तर कॉइलच्या जोडणीच्या पिना भिंगाने बघायच्या, पिनेभोवती बारीक काळं कडं दिसलं की नवं सोल्डर मारायचं. खर्च जवळजवळ शून्य.

पण ॲपलच्या अधिकृत दुरुस्तीत सोल्डर मारत नसत, अख्खा बोर्ड बदलत. आणि घरी उघडावं म्हटलं तर डब्याचे दोन स्क्रू वरच्या हँडलच्या खोल भोकांत, सहा टोकांच्या तारेसारख्या खाचेचे. साध्या पेचकसाला ते ना लागत, ना पोचत. गंमत बघा, त्याच डब्याच्या आतल्या बाजूला तो बनवणाऱ्यांच्या सह्या कोरल्यात. ज्यांनी पैसे भरले, त्यांनी त्या बघू नयेत अशी सोय!

लोक ऐकतात थोडंच. कुणी वर पुठ्ठ्याचं धुराडं बसवलं, कुणी बाहेरून पंखा लावला. लॅरी पिना नावाच्या माणसाने १९९० च्या सुमारास कुठली खूण दिसली तर कुठला भाग बघायचा, अशी पुस्तकंच लिहिली. १९८७ च्या मॅक एसईमध्ये ॲपलने शेवटी पंखा घातला.

हे आज का उकरतोय? भांडण तेच चालू आहे म्हणून. ॲपलने ग्राहकांना सुटे भाग आणि मॅन्युअल द्यायला सुरुवात केली एप्रिल २०२२ मध्ये, तीही आधी अमेरिकेत. आपल्याकडे केंद्राने त्याच वर्षी 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल काढलं. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. आपला खरा कायदा इतकी वर्षं लॅमिंग्टन रोडवर नि पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळ, हातात सोल्डर गन घेऊन बसलाय.

आणि हो, माळ्यावर जुना ट्यूबचा मॉनिटर असेल तर वाचून लगेच उघडू नका. वायर काढली तरी ट्यूबमध्ये झटका देण्याइतकी वीज साठून राहते. गल्लीतल्या एखाद्या जुन्या टीव्ही मेकॅनिककडे न्या आणि एवढंच सांगा, "काका, ड्राय सोल्डर आहे का बघा."