तीन सूत की दहा मिलिमीटर? शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवरील ब्रेकच्या पान्यांचा इतिहास

१/ तीन सूत म्हणजे ३/८ इंच, अर्थात ९.५२५ मिलिमीटर. दहा मिलिमीटर म्हणजे दहाच. दोहोंतील फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी आहे. या फटीत इंग्लंड, अमेरिका आणि फ्रान्स यांच्या मोजमाप-पद्धतींचा दीडशे वर्षांचा झगडा दडलेला आहे, आणि आमच्या घरची एक जीप याच फटीमुळे उलटता उलटता वाचली आहे. आजचा धागा मोटारीच्या ब्रेकच्या नळीचा आणि ती उघडणाऱ्या पान्याचा.

२/ आधी प्रदेश समजून घेऊ. शहापूर तालुका मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेला. पुढे कसारा घाट, मग नाशिक. मुरबाड कल्याण-नगर रस्त्यावर. पुढे टोकावडे, माळशेज घाट, मग जुन्नर. शहापूरला आसनगाव स्थानकाचा आधार तरी आहे, मुरबाडला रेल्वे नाही. त्यामुळे बाजार, दवाखाना, महाविद्यालय, पौष पौर्णिमेची म्हशाची यात्रा, सगळे रस्त्यावर अवलंबून. एसटी चुकली की काळी-पिवळी जीप. चढ-उतारांच्या आणि चार महिने धो-धो पावसाच्या या मुलखात ब्रेक हा चैनीचा विषय नाही.

३/ पूर्वीच्या मोटारींचे ब्रेक सळ्या आणि तारांनी ओढले जात. चारही चाकांवर सारखा ताण बसवणे हे मोठे जिकिरीचे काम होते. पास्कलचा नियम सांगतो की बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. अमेरिकेतील माल्कम लॉकहीड याने या नियमाच्या आधारे द्रवावर चालणारा ब्रेक तयार केला. १९२१ च्या ड्युसेनबर्ग मोटारीत तो चारही चाकांना बसला, १९२४ मध्ये क्रायस्लरने तो स्वीकारला. फोर्डने मात्र १९३९ पर्यंत वाट पाहिली.

४/ पायाखालच्या मास्टर सिलिंडरपासून चाकाच्या सिलिंडरपर्यंत तेल नेणारी पोलादी नळी जेमतेम ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर जाडीची असते. नळीचे तोंड फुलासारखे पसरवून त्यामागे एक पोकळ षटकोनी नट बसवलेला असतो. नट आवळला की पसरलेले तोंड समोरच्या बैठकीवर दाबले जाते आणि तेल अडते. जुन्या विलीज जीपमध्ये सर्व चाकांचे तेल एकाच कप्प्यातून जाई. एक नट गळला की चारही चाकांचा ब्रेक गेला.

५/ आता पान्याकडे येऊ. साधा दुतोंडी फिक्स पाना नटाच्या समोरासमोरच्या दोनच बाजू धरतो. ब्रेकचा नट पोकळ आणि पातळ भिंतीचा. त्यात पावसाने गंजलेला. जोर लावला की पान्याचा जबडा किंचित फाकतो, सगळा भार कोपऱ्यांवर येतो आणि नट ‘गोल’ होतो. रिंग पाना सर्व बाजू धरतो, पण मधून नळी जात असल्यामुळे तो वरून घालताच येत नाही.

६/ यावर उपाय म्हणजे खाच असलेला रिंग पाना, ज्याला दुकानात फ्लेअर नट पाना म्हणतात. रिंगचा एक भाग कापलेला असतो. त्या खाचेतून नळी आत घ्यायची आणि पाना नटावर सरकवायचा. सहा कोनी असेल तर तो नटाच्या पाच बाजू धरतो. बारा कोनी रिंग कोपऱ्यांनाच पकडते, म्हणून या कामाला सहा कोनी बरी. जुना रिंग पाना हॅक्सॉने कापून असा पाना घरीच करणारे मिस्त्रीही आहेत. पण कापल्यावर रिंग कमजोर होते आणि जोर लावताच फाकते.

७/ पाना कोणत्या प्रकारचा, हे ठरले. कोणत्या मापाचा, हा प्रश्न उरतो आणि इथूनच इतिहास सुरू होतो. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने आट्यांचे एक समान प्रमाण सुचवले. आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीला ठरलेली आटेसंख्या. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. ब्रिटिश रेल्वे आणि यंत्रशाळांनी हे प्रमाण उचलून धरले. १८६५ साली रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला पोचली, ती याच ब्रिटिश यंत्रविद्येच्या बळावर.

८/ व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा फसवा असतो. तो नटाची रुंदी सांगत नाही, तर नट ज्या बोल्टवर बसतो त्या बोल्टची जाडी सांगतो. ३/१६ असे कोरलेल्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात ०.४४५ इंच, म्हणजे ११.३० मिलिमीटर असते. जुन्या ब्रिटिश मोटारींवर काम करणाऱ्या नवशिक्याची पहिली फजिती इथेच होते.

९/ अमेरिकेने वेगळी वाट धरली. १८६४ मध्ये विल्यम सेलर्सने फिलाडेल्फियात ६० अंशांचा आटा मांडला. तो कापायला सोपा होता आणि तोच तेथे रुजला. पुढे अमेरिकी पान्यावर नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर कोरले जाऊ लागले. ५५ आणि ६० अंशांच्या या भेदाने दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांची मोठी अडचण केली. एकाचे सुटे भाग दुसऱ्याच्या यंत्राला बसेनात. अखेर नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्रित आट्याचा करार केला. त्यात कोन राहिला ६० अंशांचा.

१०/ त्याच सुमारास मुंबईत काय चालले होते? १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४९ साली माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू केली. जीप अमेरिकी, म्हणून तिचे नट इंचात. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी डॉज जुळवली गेली आणि पुढे इटालियन फियाट. म्हणजे एकाच आवारात आधी इंच, मग मिलिमीटर. ऐंशीच्या दशकात महिंद्रच्या जीपमध्ये फ्रान्सच्या प्युजो कंपनीचे डिझेल इंजिन आले. सांगाडा अमेरिकी वंशाचा, इंजिन फ्रेंच वंशाचे! एकच गाडी उघडायला पान्यांचे दोन संच लागू लागले.

११/ गॅरेजमधल्या भाषेने हा गोंधळ आपल्या पद्धतीने पचवला. सुतार आणि गवंडी इंचाचे आठ भाग करून प्रत्येकाला ‘सूत’ म्हणतात. मिस्त्रींनी तेच घेतले. ३/८ इंच म्हणजे तीन सूत, ७/१६ म्हणजे साडेतीन सूत, अर्धा इंच म्हणजे चार सूत. अमेरिकी पद्धतीत ३/१६ इंच नळीच्या नटाला तीन सुती पाना लागतो आणि १/४ इंच नळीच्या नटाला साडेतीन सुती. मोजमापाच्या इतिहासात या शब्दाला मानाचे पान मिळायला हवे.

१२/ १९५६ साली संसदेने मेट्रिक मापांचा कायदा केला आणि १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. बाजारातून शेर आणि मण हळूहळू मागे पडले. परंतु रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचे आटे कायद्याने बदलत नाहीत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, ती पूर्णपणे मिलिमीटरची. त्यानंतर शिकलेल्या मेकॅनिकांच्या हाताला ब्रेकचा नट म्हटला की दहाचा पाना, अशी सवय लागली.

१३/ आता घरची गोष्ट. माझे मामा शहापूर-किन्हवली-सरळगाव-मुरबाड या वाटेवर जुनी जीप चालवत. एका पावसाळ्यात मागच्या चाकाचे सिलिंडर गळू लागले. एका गॅरेजमध्ये ते बदलून घेतले. मेकॅनिकने नट दहाच्या पान्याने सोडला. पाना डगमगत होता, दोन कोपरे मारले गेले, पण नट सुटला. नवे सिलिंडर मिलिमीटरच्या आट्यांचे होते. जुन्या नळीचा तीन सुती नट त्यात फिरला, ‘बसला’ आणि गाडी निघाली.

१४/ इथे धोका असा की तीन सुती नटाच्या आट्यांची जाडी ९.५२५ मिलिमीटर आणि दर आट्यामागचे अंतर १.०५८ मिलिमीटर. मेट्रिक ब्रेकच्या छिद्राचे माप दहा मिलिमीटर आणि अंतर एक मिलिमीटर. आकडे इतके जवळचे की नट आत जातो, काही आटे आवळल्यासारखाही वाटतो. पण आट्यांची पकड वरवरचीच असते. जोरात ब्रेक दाबला की ती सुटू लागते. सरळगावच्या अलीकडच्या उतारावर मामांचा पाय पेडलसकट खाली गेला. गाडीत सात माणसे होती. पहिला गिअर, हँडब्रेक आणि कडेची मातीची चढण, एवढ्यावर सगळे वाचले.

१५/ दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या एका वृद्ध मिस्त्रींनी चाक उघडले. त्यांनी मोजपट्टी घेतली नाही. आधी दहाचा पाना नटावर ठेवून बोटाने हलवला, तो खुळखुळला. मग तीन सुती ठेवला, तो हलेना. “पाना हलत होता तेव्हाच थांबायला हवं होतं. नट सांगत होता, मी तुझ्या मापाचा नाही,” एवढेच ते म्हणाले. नळी, नट आणि सिलिंडर तिन्ही एका मापाचे बसले, तेव्हाच त्यांनी एअर काढून गाडी दिली.

१६/ या प्रसंगातून निघणारे नियम थोडके आहेत. गाडीचे मूळ ओळखा, पण तेवढ्यावर विसंबू नका. जुन्या गाडीत कोणता भाग कुठून आला सांगता येत नाही. नट तारेच्या ब्रशने साफ करा, गंज सोडवणारे तेल घालून वेळ द्या. खाचेचा सहा कोनी पाना नटावर पूर्ण बसवा आणि जोर लावण्यापूर्वी हलवून पाहा. रबरी होज जिथे जोडला असेल तिथे दुसऱ्या पान्याने तो धरा, नाहीतर नळी पिळली जाते. नवा नट आधी हाताने फिरवा. सैल किंवा अडखळता वाटला तर थांबा. गोल झालेला नट पुन्हा वापरू नका.

१७/ अकराच्या घरात तर परीक्षा अधिक कठीण. ११ मिलिमीटर, ७/१६ इंच म्हणजे ११.११ आणि व्हिटवर्थचा ३/१६ म्हणजे ११.३०. तीन देशांची तीन मापे एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शात मावतात. डोळ्यांना फरक दिसत नाही. तो बोटांना कळतो, आणि तोही पाना बिनचूक असेल तरच. झिजलेल्या पान्याला सगळेच नट सारखे.

१८/ आपण इतिहासाचे विद्यार्थी एखादे पत्र किंवा ताम्रपट हाती आला की प्रथम विचारतो, हे कोणत्या काळाचे, कोणत्या हाताचे? त्या मिस्त्रींनी नटाला तेच विचारले. साम्राज्ये गेली, कायदे बदलले, करार झाले. तरी त्यांची मापे शहापूर-मुरबाडच्या गाड्यांखाली गंजत टिकून आहेत. ती ओळखणारी बोटे मात्र म्हातारी होत चालली आहेत, आणि त्यांचे ज्ञान कोणत्याही दफ्तरात नोंदलेले नाही.

१९/ म्हणून एक विनंती. तुमच्या गावातल्या जुन्या गॅरेजमध्ये एकदा जाऊन बसा. पान्यांची पेटी उघडायला सांगा, कोणता पाना कोणत्या गाडीसाठी घेतला होता ते विचारा आणि लिहून ठेवा. मामांच्या जीपच्या पेटीत त्या दिवसापासून एक तीन सुती खाचेचा पाना वेगळ्या फडक्यात गुंडाळलेला असे. जीप विकली गेली. पाना आमच्याकडेच आहे.

धागा समाप्त.