तिकीट कोणाच्या खिशात? : लॉगिन आणि कुकी यांची गोष्ट

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून गाड्या बदलल्या, पंच मारायच्या कागदी तिकिटांच्या जागी यंत्रातून निघणारी तिकिटे आली. एक गोष्ट मात्र तशीच राहिली. शिरूरला गाडी थांबते, माणसे खाली उतरून चहा घेतात आणि पुन्हा जागेवर येऊन बसतात. मध्येच तपासनीस गाडीत चढतो. तो कोणालाही ओळखत नाही. तो एवढेच म्हणतो, "तिकीट दाखवा." प्रवाशाने पैसे भरले आहेत, ही आठवण प्रवाशाच्याच खिशात ठेवलेली असते.

आता शाळेतल्या संगणकाकडे वळू. महाराष्ट्रात २०१५ साली 'सरल' ही प्रणाली आली आणि विद्यार्थ्यांची माहिती संकेतस्थळावर भरणे हा शिक्षकांच्या कामाचा भाग झाला. आपण पासवर्ड देऊन आत जातो, एक पान भरतो, दुसरे उघडतो. दुसऱ्या पानावर पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही. त्याच क्षणी इतर हजारो शिक्षकही त्याच सर्व्हरवर काम करत असतील. मग हे पान मागणारे आपणच आहोत, हे सर्व्हरला कसे कळते?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. १९६१ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था करून दाखवली. तिचे नाव सी.टी.एस.एस. संगणक सामाईक झाला, पण प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी राहायला हवी होती. म्हणून तेथे पासवर्ड आला. काम सुरू करताना 'लॉगिन' आणि संपताना 'लॉगआउट' अशा आज्ञा द्यायच्या. १९६२ साली एका संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला वेळ पुरेना, तेव्हा त्याने सर्वांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली! पासवर्ड आणि पासवर्डची चोरी या दोन गोष्टींच्या वयात फारसे अंतर नाही, ते असे.

त्या काळी ओळख टिकवणे मात्र सोपे होते. वापरणाऱ्याचे यंत्र तारेने मुख्य संगणकाला जोडलेले असे. या तारेवर अमुक माणूस बसला आहे, एवढे लक्षात ठेवले की झाले. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हाही काहीसे असेच होते. मोडेम खरखरे, टेलिफोन लागे, पासवर्ड दिला जाई आणि फोन ठेवला की ती जोडणी संपे.

दरम्यान जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली होती. तिच्यात पाने पोहोचवण्याचा नियम मुद्दामच साधा ठेवला होता. ब्राउझरने पान मागायचे, सर्व्हरने ते द्यायचे आणि मागणाऱ्याला विसरून जायचे. पुढची मागणी आली की ती पुन्हा अनोळखी माणसाकडूनच आली असे धरायचे. लेख वाचण्यापुरता हा विसराळूपणा सोयीचा होता. सर्व्हरवर ओझे पडत नसे आणि एक साधा संगणक कितीतरी लोकांना पाने पुरवू शके.

अडचण आली ती वेबवर दुकान मांडायची वेळ आली तेव्हा. गिऱ्हाइकाने एका पानावर वस्तू निवडली आणि तो दुसऱ्या पानावर गेला, की सर्व्हर पहिली निवड विसरे. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तरुण अभियंत्याने यावर तोड काढली. सर्व्हरने पानाबरोबर एक छोटी चिठ्ठी द्यायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि त्याच सर्व्हरकडे पुन्हा जाताना आपणहून दाखवायची. संगणकांच्या जगात एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला दिलेल्या अशा खुणेला 'मॅजिक कुकी' म्हणत. त्यावरून या चिठ्ठीचे नाव 'कुकी' पडले. थोडक्यात, एस.टी.च्या कंडक्टरची युक्तीच येथे वापरली गेली.

लॉगिनसाठी ही युक्ती बहुधा अशी वापरतात. पासवर्ड बरोबर असला की सर्व्हर एक भलामोठा, अंदाज न बांधता येणारा क्रमांक तयार करतो. आपल्या वहीत तो नोंदवतो, "हा क्रमांक अमुक शिक्षकांचा", आणि तोच क्रमांक कुकीत घालून ब्राउझरला देतो. नीट बांधलेल्या संकेतस्थळाच्या कुकीत पासवर्ड नसतो, फक्त क्रमांक असतो. असा क्रमांक १२८ बिटांचा असेल तर त्याच्या शक्यता ३४ या आकड्यावर ३७ शून्ये द्यावीत इतक्या होतात. त्यामुळे तो अंदाजाने ओळखणे अशक्यप्राय असते. वहीतल्या या नोंदीला 'सेशन' म्हणतात. ठरावीक वेळ हालचाल झाली नाही की सर्व्हर ती नोंद खोडतो. अर्धा फॉर्म भरून आपण घंटा झाली म्हणून तासाला जातो आणि परत आल्यावर 'सेशन एक्स्पायर्ड' असे दिसते, त्याचे कारण हे. चिडचिड होते खरी, पण त्या वेळात संगणकापाशी दुसरेच कोणी येऊन बसले असते तर? त्या भीतीपोटी ही मुदत ठेवलेली असते.

तिकीट आणि कुकी यांचे आणखी एक साम्य धोक्याचे आहे. ज्याच्या हाती तिकीट, तो प्रवासी. २०१० साली 'फायरशीप' नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने हे जगाला दाखवून दिले. सार्वजनिक वाय-फायवर बसलेल्या शेजाऱ्याची कुकी हवेतूनच टिपून, पासवर्ड माहीत नसतानाही त्याच्या खात्यात शिरता येत असे. कारण तेव्हा बऱ्याच मोठ्या संकेतस्थळांवर पासवर्ड तेवढा सांकेतिक रूपात जाई, कुकी मात्र उघडी जाई. पुढे संपूर्ण देवाणघेवाण सांकेतिक करण्याचा प्रघात पडला. पत्त्याच्या आरंभी दिसणारे 'एच.टी.टी.पी.एस.' ते हेच.

हवेतली चोरी अवघड झाली, पण शाळेतला किंवा सायबर कॅफेतला सामाईक संगणक आहे तसाच आहे. काम संपल्यावर आपण तीनपैकी एक गोष्ट करतो. त्यांतला फरक पाहू.

पहिली, खिडकी बंद करणे. यात बहुधा काहीच संपत नाही. तिकीट बाकावर विसरून उतरण्यासारखे हे आहे. काही ब्राउझर तर मागची पाने पुन्हा उघडून देतात आणि नंतर बसणारा थेट आपल्या खात्यात पोहोचतो.

दुसरी, ब्राउझरमधील कुकी पुसणे. येथे खिशातले तिकीट फाडले जाते. त्या संगणकापुरते दार लागते. पण सर्व्हरच्या वहीतली नोंद मुदत संपेपर्यंत तशीच राहू शकते, आणि कोणी आधीच त्या क्रमांकाची नक्कल केली असेल तर ती चालत राहते. शिवाय ब्राउझरने साठवलेले पासवर्ड कुकींबरोबर पुसले जात नाहीत. ते वेगळे काढावे लागतात.

तिसरी, लॉगआउट करणे. येथे आपण सर्व्हरलाच सांगतो, "माझे नाव खोडा." संकेतस्थळ नीट बांधलेले असेल तर वहीतली नोंद जाते आणि क्रमांक निरुपयोगी होतो.

म्हणून सामाईक संगणकावर क्रम असा ठेवावा: आधी लॉगआउट, मग कुकी पुसणे आणि शेवटी खिडकी बंद. 'पासवर्ड साठवू का?' या प्रश्नाला नेहमी 'नाही' म्हणावे. आपल्या खात्यात वर्गातल्या पन्नास मुलांची नावे, जन्मतारखा आणि घरची माहिती असते. ती माहिती आपली नाही, आपल्यावर विश्वासाने सोपवलेली आहे.

हे सारे वर्गात दहा मिनिटांत करून दाखवता येते. एका विद्यार्थ्याला सर्व्हर करा, त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि शेजारी एकाला वही घेऊन लेखनिक म्हणून बसवा. इतरांनी आवाज न करता एकेक क्रमांकाची चिठ्ठी पुढे करायची. लेखनिकाने वहीत पाहून सांगायचे आणि सर्व्हरने त्याप्रमाणे उत्तर द्यायचे. मग एकाची चिठ्ठी दुसऱ्याने गुपचूप उतरवून घ्यावी. मूळ मालकाने आपली चिठ्ठी फाडली तरी नक्कल चालते, वहीतला क्रमांक खोडला की ती चालत नाही. असे का झाले, हे मुलांनाच विचारा. उत्तर त्यांच्याकडूनच येईल.